अनुकूली इक्वलायझर: २५ गिगाबिट रिसीव्हरच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

२५.७८१२५ गिगाबिट प्रति सेकंद वेगाच्या एनआरझी (दोनच पातळ्यांचा, एका वेळी एक बिट नेणारा सिग्नल) रिसीव्हरसाठी ॲडॅप्टेशन इंजिन, म्हणजे चॅनेल बघून स्वतःहून सेटिंग जुळवणारा भाग, बनवायचे आहे. सीटीएलई (उंच फ्रिक्वेन्सी उचलणारा फिल्टर), सॅम्पलर (ठरल्या क्षणी नमुना घेणारा) आणि फेज इंटरपोलेटर (तो क्षण पुढे-मागे सरकवणारा) हा ॲनालॉग भाग दुसऱ्या गटाकडे आहे. आमच्याकडे आहे ते या सगळ्यांच्या सेटिंग ठरवणारे डिजिटल लॉजिक. आधी पायथनमध्ये मॉडेल करायचे, ते पटले की आरटीएल, म्हणजे चिपच्या लॉजिकचा कोड.

एका बिटच्या वाट्याला ३८.८ पिकोसेकंद येतात, नायक्विस्ट फ्रिक्वेन्सी (बिटच्या वेगाच्या निम्मी) १२.८९ गिगाहर्ट्झ. या पट्ट्यात तांब्यातला स्किन इफेक्टचा लॉस फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि डायइलेक्ट्रिकचा लॉस थेट फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात. त्यामुळे पल्सची चढती कड लोळते आणि एका बिटची शेपूट पुढच्या चार-पाच बिटांवर पडते. ही गळती म्हणजे आयएसआय, बिटांची आपसातली लुडबुड. ती काढायची साधने ठरलेली आहेत: पुढे सीटीएलई, मागे पाच टॅपचा डीएफई, जो आधीच्या बिटांचे निर्णय वापरून त्यांची शेपूट वजा करतो (एकेका मागच्या बिटसाठीचा गुणक म्हणजे टॅप). प्रश्न एवढाच की त्यांची मूल्ये कोणी, कशावरून आणि कोणत्या क्रमाने ठरवायची.

९ जानेवारी

सीटीएलई मधल्या सेटिंगवर ठेवून मॉडेल चॅनेलची, म्हणजे ट्रान्समीटर ते रिसीव्हर या वाटेची, पल्स काढली. मुख्य कर्सर म्हणजे बिटच्या स्वतःच्या जागेवरचे मूल्य, प्री-कर्सर त्याच्या एक बिट आधीचे, पोस्ट-कर्सर नंतरच्या बिटांवरचे. ठोकळ आकडे: प्री-कर्सर ०.०८, मुख्य कर्सर ०.५०, मग पोस्ट-कर्सर ०.२२, ०.०९, ०.०५, ०.०४, ०.०३. पुढचे सगळे नगण्य.

मुख्य कर्सर सोडून बाकीची बेरीज ०.५१ भरते. म्हणजे सगळे शेजारी एकाच वेळी विरोधात गेले तर सिग्नल शून्याच्या पलीकडे ०.०१ ने जातो आणि आय, म्हणजे १ आणि ० यांच्यामधली मोकळी जागा, मिटते. १९६५ साली बेल लॅब्सच्या रॉबर्ट लकी यांनी टेलिफोन वाहिनीसाठी स्वतःहून जुळवून घेणारा इक्वलायझर मांडला, त्यात हीच बेरीज कळीची होती. तिचे मुख्य कर्सरशी गुणोत्तर सुरुवातीला १ पेक्षा कमी असेल, तर त्यांची पद्धत नक्की जुळते. आमचे गुणोत्तर १.०२ आहे, हमीच्या रेषेच्या किंचित बाहेर.

पण हमी नाही म्हणजे चालणारच नाही असे नव्हे. सहा शेजारी आहेत. सगळे विरोधात जाण्याची शक्यता ६४ त १. त्यातला सर्वांत छोटा, ०.०३ वाला, जरी बाजूने फिरला तरी मार्जिन उणे ०.०१ वरून अधिक ०.०५ वर येते. म्हणजे नॉइज नसताना ६४ पैकी ६३ निर्णय बरोबर. स्वतःच्याच निर्णयांवर विसंबून शिकणाऱ्या रिसीव्हरला एवढे पुरते: चुकीचे निर्णय टॅपला मागे खेचतात, पण बरोबर निर्णयांची संख्या त्यांना बुडवून टाकते. मिटलेली आय आणि न शिकता येणारी आय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आकड्यांतून इतके स्वच्छ दिसले की मीटिंगमध्ये हेच पान दाखवणार आहे.

१४ जानेवारी

साइन-साइन एलएमएस चालू झाला. विड्रो आणि हॉफ यांचा एलएमएस १९६० चा. त्यातली दोन्ही राशींची फक्त चिन्हे घेतली की गुणाकार उरतच नाही, एक्सॉर गेट (दोन चिन्हे जुळतात का एवढेच सांगणारे) पुरते. एरर सॅम्पलर सांगतो की '१' चा नमुना अपेक्षित पातळीच्या वर पडला की खाली. हे चिन्ह आणि मागच्या बिटचे चिन्ह जुळले तर पहिला टॅप एक पायरी वर, न जुळले तर एक पायरी खाली. दुसऱ्या टॅपसाठी त्यामागचा बिट, तिसऱ्यासाठी त्याच्याही मागचा. अपेक्षित पातळी, म्हणजे डीलेव्ह, तीही याच एररने वर-खाली होते.

लॉजिक ६४ बिटांच्या रुंदीवर चालते, म्हणजे घड्याळ ४०२.८ मेगाहर्ट्झ. प्रत्येक ६४ बिटांच्या शब्दातले वर-खालीचे कौल मोजायचे, बहुमत बघायचे, ते ॲक्युम्युलेटरमध्ये टाकायचे आणि ॲक्युम्युलेटर भरून वाहिला की टॅप एक पायरी हलवायचा.

फेज, म्हणजे नमुना घेण्याचा क्षण, हाताने मुख्य कर्सरवर खिळवून चालवले. पाचही टॅप आपापल्या जागी जाऊन बसले: ०.२२, ०.०९, ०.०५, ०.०४, ०.०३. आय ०.४२ ने उघडली, म्हणजे ०.५० वजा ०.०८. प्री-कर्सर डीएफईच्या हातात नाही, कारण पुढचा बिट काय येणार हे त्याला ठाऊक नसते.

२२ जानेवारी

आज क्लॉक रिकव्हरी (सीडीआर), म्हणजे योग्य फेज सिग्नलवरूनच शोधणारा लूप, जोडली. बॉड रेटवर, म्हणजे दर बिटला एकाच क्षणी नमुना घेऊन, चालणारी म्यूलर-म्युलर पद्धत घेतली आहे, १९७६ ची. कडेवर वेगळा सॅम्पलर लागत नाही, तोच डेटा आणि तोच एरर सॅम्पलर वापरता येतो. वीज वाचते, म्हणून ॲनालॉग गटाला हीच हवी आहे.

डीएफई बंद, सीडीआर चालू: फेज स्थिर. डीएफई चालू, फेज खिळवलेली: टॅप स्थिर. दोन्ही चालू: पहिला टॅप सावकाश वर चढतो आणि फेज सावकाश डावीकडे, म्हणजे लवकरच्या बाजूला, सरकते. शेवटी सगळे एका जागी थांबते खरे, पण तिथे मुख्य कर्सर ०.५० चा ०.३१ झालेला असतो. कुठेही दोलन नाही, गोंधळ नाही. लूप शांतपणे, आत्मविश्वासाने चुकीच्या जागी जाऊन बसतात.

सहकाऱ्याने सुचवले की टॅपचा लूप आणखी संथ करू, सीडीआरच्या शंभरपट संथ. केला. फेज तितकीच सरकली, फक्त जास्त वेळ लावून.

२४ जानेवारी

हे कागदावर मांडले तेव्हा कोडे सुटले. नीट लिहून ठेवतो, कारण सगळ्या प्रकल्पाचा गाभा हाच आहे.

म्यूलर-म्युलर दोन गोष्टींची तुलना करते. पहिली: आताची एरर आणि मागचा बिट यांचे सहसंबंध. ते सरासरीत 'पोस्ट-कर्सर १ वजा टॅप १' एवढे असते. दुसरी: मागची एरर आणि आताचा बिट यांचे सहसंबंध. ते सरासरीत प्री-कर्सरएवढे असते. दोन्ही समान झाले की फेज थांबते. डीएफई नसताना याचा अर्थ 'पोस्ट-कर्सर १ आणि प्री-कर्सर समान', आणि बऱ्यापैकी सममित पल्ससाठी ती जागा शिखराजवळ असते.

आता पहिला टॅप काय करतो बघा. आताची एरर आणि मागचा बिट यांचे सहसंबंध शून्य होईपर्यंत तो हलत राहतो. अगदी तीच राशी! एकाच खात्यावर दोघे चेक फाडत आहेत आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. टॅपने ती राशी शून्य केली की सीडीआरच्या समीकरणात एकच अट उरते: प्री-कर्सर शून्य. ती पुरी करायला सीडीआर फेज लवकर-लवकर नेते, प्री-कर्सर घटतो, पण त्याबरोबर मुख्य कर्सर घटतो आणि पोस्ट-कर्सर १ वाढतो. वाढलेला पोस्ट-कर्सर टॅप पुन्हा गिळतो. थांबायची जागा एकच, जिथे प्री-कर्सर संपतो.

म्हणून संथ करून उपयोग झाला नाही. लूपची गती वेगवेगळी ठेवली की स्थैर्य मिळते, पण लूप शेवटी कुठे थांबणार हे गती ठरवत नाही, समीकरणे ठरवतात. या क्षेत्रात 'बँडविड्थ दसपट वेगळी ठेवा' हा सल्ला इतका सर्रास मिळतो की दुसरी बाब तपासायची राहूनच जाते. इथून पुढे प्रत्येक नवा लूप जोडताना आधी एकच प्रश्न विचारायचा: हा कोणती राशी शून्य करतो, आणि ती राशी आधीच कोणाच्या ताब्यात आहे?

३० जानेवारी

पर्याय तपासले.

कडेवर सॅम्पल घेणारी अलेक्झांडर पद्धत, १९७५ ची. ती वेगळी राशी बघते, त्यामुळे हे भांडण टळते. पण जास्तीचे सॅम्पलर, जास्तीचे क्लॉक फेज. ॲनालॉग गट नाही म्हणाला, आणि त्यांचे वीज-गणित पाहता योग्यच आहे.

पहिला टॅप कायमचा गोठवणे. गंमत म्हणजे ०.१४ वर गोठवला तर ०.२२ वजा ०.१४ बरोबर ०.०८, म्हणजे नेमका प्री-कर्सर, आणि सीडीआर शिखराशी थांबते. पण ०.०८ चा पोस्ट-कर्सर उरतो आणि आय ०.३४ वर येते. शिवाय चॅनेल बदलला की ०.१४ हा आकडाही बदलणार.

तिसरा पर्याय मला मनापासून पटला: प्री-कर्सर मुळातच मारायचा, ट्रान्समीटरमध्ये. ट्रान्समीटरची कमाल पातळी ठरलेली असते, म्हणून दोन टॅपची चिन्ह सोडून बेरीज १ च्या आत हवी. मुख्य ०.८८, प्री उणे ०.१२ धरले. हिशेब असा: नवा प्री-कर्सर ०.८८ × ०.०८ वजा ०.१२ × ०.५०, म्हणजे ०.०१०. नवा मुख्य ०.८८ × ०.५० वजा ०.१२ × ०.२२, म्हणजे ०.४१४. नवा पोस्ट-कर्सर १ येतो ०.१८३. आणखी एक बिट आधी उणे ०.०१० ची नवी छोटी गळती येते.

डीएफईनंतरची आय ०.३९. कागदावरच्या ०.४२ पेक्षा ती कमी दिसते, पण ते ०.४२ फेज हाताने धरून मिळाले होते. दोन्ही लूप मोकळे सोडले की हाती ०.३१ येत होते. आता प्री-कर्सर जवळपास शून्य असल्याने सीडीआरची 'प्री-कर्सर शून्य करा' ही हट्टी अट शिखराजवळच पुरी होते. दोन लूप अजूनही एकच राशी वाटून घेतात, पण आता त्याने बिघडत काही नाही.

दुसरा लाभ: डीएफई सुरू होण्याआधीच्या गळतीची बेरीज ०.३७, मुख्य ०.४१. गुणोत्तर ०.९०. आय पहिल्यापासून उघडी, लकी यांच्या हमीच्या आत.

५ फेब्रुवारी

चुकीची साखळी. डीएफईने एक निर्णय चुकवला की पुढच्या बिटवर चुकीची दुरुस्ती जाते, आणि ती टॅपच्या दुप्पट असते. जुन्या आकड्यांत २ × ०.२२ म्हणजे ०.४४. ती निम्म्या वेळा बाजूने पडते, निम्म्या वेळा विरोधात. विरोधात पडली तर ०.५० चे ०.०६ उरतात, आणि वरून ०.०८ चा प्री-कर्सरही विरोधात गेला, तर निर्णय नक्की चुकतो. म्हणजे एका चुकीमागे पुढचाही बिट चुकण्याची शक्यता नॉइजशिवायच चारात एक.

नव्या आकड्यांत ०.४१४ वजा ०.३६६, उरले ०.०४८. बाकीची गळती ०.०२. निर्णय बरोबर राहतो. साखळी अशक्य झाली असे नाही, नॉइज तिला मदत करतोच, पण ती आपसूक ओढली जात नाही.

या लिंकवर रीड-सोलोमन ५२८, ५१४ हा चुका दुरुस्त करणारा कोड आहे. दहा बिटांचा एक सिम्बॉल, आणि सात सिम्बॉलपर्यंत दुरुस्ती. छोटी साखळी एका सिम्बॉलच्या पोटात मावते आणि कोडला ती एकच चूक वाटते. सीमेवर पडली तर दोन. तरीही लांब साखळ्या नकोतच, कारण कोडचे सगळे अंदाज चुका विखुरलेल्या आहेत असे धरून केलेले असतात.

११ फेब्रुवारी

सीटीएलई. हा उंच फ्रिक्वेन्सी उचलतो, पण नॉइज आणि शेजारच्या लेनमधून झिरपणारा क्रॉसटॉकही तितकाच उचलतो. डीएफई मात्र घेतलेल्या निर्णयांवरून दुरुस्ती करतो, त्यात नॉइज नसतो. मग सगळे डीएफईवरच का टाकू नये? टॅप मोजके असतात, आणि ५ फेब्रुवारीच्या हिशेबाप्रमाणे पहिला टॅप मोठा झाला की साखळी वाढते.

सीटीएलईचे पीकिंग, म्हणजे उंच फ्रिक्वेन्सी किती उचलायची ते, कशावरून ठरवायचे हा प्रश्न फसवा आहे. पहिल्या पाच पोस्ट-कर्सरवरून काहीच कळत नाही, कारण तिथे डीएफईने सगळे साफ केलेले असते. पीकिंग कमी असले तरी एरर स्वच्छ, टॅप तेवढे मोठे. २४ जानेवारीचा प्रश्न इथेही लावला: कोणती राशी मोकळी आहे? उत्तर: डीएफईच्या पलीकडची शेपूट. एरर आणि सहाव्यापासून बाराव्यापर्यंतचे मागचे बिट यांच्या सहसंबंधांची बेरीज. धन आली तर शेपूट लांब आहे, पीकिंग वाढवा. ऋण आली तर कमी करा. ही राशी कोणाच्याच ताब्यात नाही.

१२ फेब्रुवारी

चालतो. दोन्ही टोकांच्या सेटिंगवरून सीटीएलईचा लूप सुरू केला तरी एकाच पायरीवर येतो.

१८ फेब्रुवारी

चॅनेल मॉडेलमध्ये परावर्तने घातली. वाहिनीच्या ३० मिलिमीटरच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना इम्पिडन्सची विसंगती, परावर्तन गुणांक मुद्दाम दांडगा, ०.२५. प्रभावी डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३.७ धरला तर एका मिलिमीटरला ६.४ पिकोसेकंद लागतात. जाऊन-येऊन ६० मिलिमीटर, ३८५ पिकोसेकंद, म्हणजे ९.९ बिट. मोठेपणा ०.२५ × ०.२५ × ०.५० बरोबर ०.०३. दहाव्या बिटवर ०.०३ आणि तिच्याच शेपटीमुळे अकराव्यावर साधारण निम्मे.

अपेक्षेप्रमाणे आय थोडी मिटली. पण सीटीएलईनेही पीकिंग वाढवत नेले. सहा ते बाराच्या बेरजेत दहावा आणि अकरावा बिट येतो, आणि तिथली प्रतिध्वनीची भर त्याला लांब शेपटीसारखी दिसते. पीकिंगने प्रतिध्वनी जात नाही, नॉइज मात्र वाढतो. लूप आपल्या परीने इमानदारीने काम करत होता, त्याला दिलेला पुरावाच दुसऱ्या कशाचा तरी होता.

दोन बदल केले. सीटीएलईची खिडकी सहा ते आठवर आणली. लॉसची शेपूट तिथे दिसतेच. आणि दोन तरंगते टॅप घातले: सुरुवातीला नऊ ते वीसपर्यंतची प्रत्येक जागा थोडा वेळ तपासायची, जिथे सहसंबंध सर्वांत मोठा तिथे टॅप बसवायचे. मॉडेलमध्ये ते दहा आणि अकरावर बसले. प्रतिध्वनी सहा ते आठच्या आत पडली तर हा उपाय तोकडा पडेल. बोर्डवरची अंतरे पाहता लेआउट गटाशी बोलून तशी जागा टाळता येईल असे वाटते, तशी विनंती पाठवली आहे.

२६ फेब्रुवारी

१०१०१० हा पॅटर्न दिला आणि टॅप भटकले. यात प्रत्येक मागचा बिट आताच्या बिटचा आरसा किंवा उलटा आरसा असतो. पहिला, तिसरा, पाचवा टॅप यांना हुबेहूब एकच पुरावा दिसतो. दुसऱ्या आणि चौथ्याला त्याच्या उलट. पाच टॅप आणि डीलेव्ह मिळून सहा अज्ञात, समीकरण एकच. एरर सॅम्पलरमध्ये किंचित ऑफसेट असला की सगळे मिळून वाहत जातात. पॅटर्न चालू असेपर्यंत एरर स्वच्छ दिसते, खरा डेटा परतला की आय मिटलेली.

खऱ्या डेटाला ६४बी/६६बी स्क्रॅम्बलर (बिट विस्कटून मिसळणारा) असतो, त्यामुळे तिथे असे लांब पट्टे विरळ. पण चाचणी पॅटर्न आणि सुरुवातीचे सिग्नल स्क्रॅम्बलरमधून येतीलच असे नाही.

पहिला विचार असा होता की ६४ बिटांच्या शब्दात लागोपाठ सारखे बिट किती ते मोजावे, खूप कमी किंवा खूप जास्त असतील तर टॅप हलवू नयेत. पण ११००११०० त्यातून सहज निसटतो: लागोपाठच्या जोड्यांत निम्म्या सारख्या, म्हणजे आकडा निर्दोष. दोन बिटांच्या अंतरावर बघितले तरच कळते की तिथे प्रत्येक जोडी उलटी आहे. म्हणून तपासणी एक ते वीस या प्रत्येक अंतरावर हवी, कारण तरंगत्या टॅपमुळे दोन पुराव्यांमधले अंतर तिथपर्यंत जाऊ शकते. वीस मोजण्या, प्रत्येक एक्सॉर आणि पॉपकाउंट (१ किती ते मोजणे). क्षेत्रफळ परवडते. कोणत्याही अंतरावर आकडा टोकाला गेला तर तो शब्द शिकण्यातून वगळायचा. सीडीआर मात्र चालूच.

५ मार्च

आरटीएलमध्ये सुरुवातीचा क्रम पक्का केला.

पहिला टॅप गोठलेला, बाकी डीएफई शून्य, सीडीआर लॉक. मग प्री-कर्सर मोजायचा, पण सहसंबंधाने नाही, कारण ती राशी सीडीआरकडे आहे. दोन डीलेव्ह ठेवले आहेत: एक फक्त पुढचा बिट १ असताना शिकतो, दुसरा पुढचा बिट ० असताना. त्यांतला फरक प्री-कर्सरच्या दुप्पट; मॉडेलमध्ये ट्रान्समीटर साधा असताना ०.१६ येतो. तो उरलेला असेपर्यंत लिंक ट्रेनिंगमधून (सुरुवातीला दोन्ही टोके आपसांत सेटिंग ठरवतात तो टप्पा) समोरच्या ट्रान्समीटरकडे प्री-कर्सरची पायरी मागायची. प्रत्येक पायरीनंतर गोठलेला टॅप नव्या पल्सशी जुळवून पुन्हा गोठवायचा, नाहीतर फेज उशिराच्या बाजूला सरकते. फरक पुरेसा घटला की तरंगत्या टॅपचा शोध, सीटीएलई, आणि सर्वांत शेवटी पहिला टॅप मोकळा.

पहिला टॅप शेवटी का, असे रिव्ह्यूमध्ये विचारले गेले. तो सर्वांत मोठा, त्यामुळे आधी सोडावासा वाटतो हे खरे. पण प्री-कर्सर मरण्याआधी तो सोडला तर सीडीआर त्याच्यामागे सरकणार, आणि मग पुढचे प्रत्येक मोजमाप चुकीच्या फेजवरचे.

उघडा राहिलेला मुद्दा तापमानाचा. बोर्ड तापला की लॉस वाढतो आणि ट्रेनिंग संपल्यावर ट्रान्समीटरला काही मागता येत नाही. टॅप आणि सीटीएलई पाठीमागे शिकत राहतील, पण प्री-कर्सरमधली वाढ फेजवरच निघेल. ती किती हे सध्याच्या मॉडेलवरून ठरवणे योग्य नाही. बोर्ड गटाकडे थंड आणि गरम दोन्ही स्थितींतल्या एस-पॅरामीटर फाइल्स (फ्रिक्वेन्सीनुसार चॅनेल कसा वागतो त्याची मापे) मागितल्या आहेत. थंडवर ट्रेनिंग करून गरमवर चालवायचे आणि शेवटची फेज शिखरापासून किती सरकली ते बघायचे, ही पुढची चाचणी.